सगुण, शीड ढिलंच होतं

मंगळवारी सकाळी नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान, चोपड्याच्या काठापासून साधारण दोनशे मीटरवर, शापोरा नदीत तू फळीवरून पाण्यात पडलास. फळी आणि तिच्यावरचं शीड तरंगत राहिलं. तू वर आला नाहीस. तुझी भाची सुजाता होडी घेऊन पोचली तेव्हा तू पालथा होतास. अंगात जाकीट नव्हतं.

एवढं खात्रीचं आहे. यापुढे जे छापून आलं त्यातलं एक वाक्य चुकीचं आहे, आणि ते वाक्य माझ्यामुळे छापलं गेलं. ते मी तुला सांगणार आहे. पण आधी हे सांगतो की मी तुझ्यावर चिडलेलो आहे. गेले पाच दिवस लोक मला धीर देतायत. मला धीर नको आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू नेहमीसारखा मधेच उठून गेलास.

तुझं जाकीट शेडमध्ये खिळ्याला होतं. मी बघितलं. कोरडं होतं. पर्यटकांना जाकिटाशिवाय तू पाण्याला पाय लावू दिला नाहीस. दिल्लीच्या एका बाईला, पोहण्यात पदकं मिळवली आहेत असं ती सांगत असताना, तू म्हणालास, "बाई, पदक गळ्यात घाल आणि जाकीट तेच्यावर." पण रोज सकाळी पहिलं शीड बांधून झालं की तू स्वतः तसाच जायचास. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं.

"चाखूक जातंय, जेवूक नाय."

आणि मी हसायचो. प्रत्येक वेळी. एकदा तरी हसलो नसतो, एकदा तरी जाकीट तुझ्या अंगावर फेकलं असतं. आठ वर्षं मी त्या वाक्याला दाद दिली.

शीड चाखायचं, हा तुझा नियम. आमटी चाखल्याशिवाय कोण पानात वाढतो, असं तू म्हणायचास. दहा वाजता शिकाऊ लोक यायचे. त्याआधी ज्या शिडावर त्यांना उभं करायचं ते तू स्वतः नदीत एक फेरी फिरवून आणायचास. परत आलास की दोऱ्या अर्धं बोट इकडे, अर्धं बोट तिकडे. नदीवर दुसरं कुणी हे करत नाही. फळ्या भाड्याने देणारे बाकीचे सकाळी शीड बांधतात आणि संध्याकाळी सोडतात. वारा दिवसातून चार वेळा बदलतो, त्याचं त्यांना काही नाही.

तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. सुर्ल्याच्या धक्क्यावरून खनिज भरून वास्कोला जाणाऱ्या बार्जवर तू एकोणीस वर्षं खलाशी होतास. त्या बार्जच्या दोरखंडात उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेलं. मग खाणी बंद पडल्या, बार्ज गंजत उभी राहिली आणि तू घरी आलास. नदीकाठी नुकत्याच सुरू झालेल्या, विंडसर्फिंग शिकवणाऱ्या केंद्रात तुला फळ्या उचलायला ठेवलं. परदेशी प्रशिक्षक शीड बांधायचे, तू त्यांच्या हातांकडे बघायचास. भाषा येत नव्हती, हे बरं झालं, असं तू मला एकदा म्हणालास. "ते काय बोलतत तेच्यापेक्षा काय करतत ता खरा असता." दोन वर्षांनी ते प्रशिक्षक गेले. बांधणी तुझ्याकडे आली.

मी डिचोलीहून आलो होतो बातमीला. नदीकाठच्या परवान्यांची काहीतरी भानगड होती. तुझ्याकडे माहिती मागितली तर तू म्हणालास, "पात्रांव, आधी फळयेर उभो राव. मागीर विचार." निवृत्तीला दोन वर्षं उरलेला उपसंपादक मी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहिलो आणि तीन सेकंदांत पडलो. बातमी झाली नाही. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी स्कूटर काढून चोपड्याला येत राहिलो. तू मला कधी नावाने हाक मारली नाहीस. कायम पात्रांव, म्हणजे मालक. केंद्राचा मालक तो दुसराच होता, आणि त्याला तू नावाने हाक मारायचास.

ज्यांना शिडातलं कळत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

या शिडाला दोन दोऱ्या महत्त्वाच्या. एक खालची. ती ओढली की शीड काठीवर ताणलं जातं, काठी वाकते, आणि शिडाची मागची कड वरच्या बाजूला सैल पडते. वारा तिथून निसटून जातो. जोराचा वारा असला की तो निसटायलाच हवा, नाहीतर माणसाला उचलून टाकतो. दुसरी दोरी मागची. ती हाताने धरायच्या दांड्याच्या टोकाला शीड ओढून धरते. ती ताणली की शीड सपाट होतं.

मंद वाऱ्यात सगळं उलट. आलेला थोडासा वारा सोडून द्यायचा नसतो, धरून ठेवायचा असतो. म्हणून खालची दोरी सोडायची, मागची त्याहून सोडायची. शिडाला पोट येतं. काठीजवळ आडव्या सुरकुत्या पडतात. जमिनीवर ठेवलेलं तसं शीड बघितलं तर कुणीही म्हणेल, अर्धवट बांधलंय. पाण्यावर तेच शीड चालतं.

बेंगळुरूहून आलेला तो चष्मेवाला तुला आठवत असेल. सकाळची वेळ, वारा असून नसल्यासारखा. त्याने शीड बघितलं आणि म्हणाला, सुरकुत्या आहेत, तुम्हाला बांधता येत नाही. तू त्याला कदेल दिलंस, बस म्हणालास, शीड त्याच्या समोर ठेवलंस आणि दोऱ्या त्याच्या हातात दिल्यास. "तुज्या मनासारखा कर." त्याने पाय लावून सगळं ताणलं. शीड पत्र्यासारखं झालं. तू टाळ्या वाजवल्यास. "इस्तरी केलेला शीड लग्नाक नेऊक बरा!" तो नदीत गेला आणि मधोमध उभा राहिला. वीस मिनिटं. तू मला म्हणालास, "बघ, बगळो. आतां मासो गावतलो तेका." सुजाता होडी घेऊन त्याला ओढून आणायला गेली. ती हसू नये म्हणून ओठ चावत होती. परत आल्यावर तू त्याला उंडो पाव आणि चहा दिलास, दोऱ्या सोडल्यास आणि पुन्हा पाठवलंस. तो समोरच्या काठापर्यंत जाऊन आला. जाताना त्याने तुझ्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि तू मागे सरकून बालदीत पाय घातलास.

हे सगळं मला लिहून ठेवायचं होतं. किस्से नाही. मापं. कुठल्या शिडाला, किती वाऱ्याला, खालची दोरी किती. आपलं आठ वर्षांचं भांडण ते हेच. तू मोजायचास बोटांनी. काठीच्या पायथ्याची कप्पी आणि शिडाची कडी यांच्यामधलं अंतर. जोराच्या वाऱ्याला एक बोट, मध्यम वाऱ्याला दोन, मंद वाऱ्याला तीन. चौथं नव्हतंच, त्यामुळे तीन म्हणजे तुझा अख्खा हात. मी एकदा खिशातून पट्टी काढून तुझ्या बोटांशेजारी धरली. तू पट्टी घेतलीस आणि तिने पाठ खाजवलीस.

"वारो काय फूटपट्टी बघून येता?"

मी म्हणालो, सगुण, तू गेल्यावर कुणाला कळणार आहे?

"सुजाता आसा."

सुजाताने सांगितलं ते कुणी मानलं नाही तर?

"मानूक कित्याक होया? शीड चलता काय नाय ता बघा."

मी म्हणालो, जे लिहिलेलं नाही ते नसल्यासारखं असतं. चाळीस वर्षं मी हेच शिकलो आणि हेच शिकवलं. तू म्हणालास, "तुमी लिवलेला सगळा खरा असता काय?" आणि उठून गेलास. मी वही बंद केली. शेवटची दोन वर्षं मी तो विषयच काढला नाही. वहीत तुझ्या नावाचं पान आहे. त्यावर शिडांच्या आकारांची यादी आहे आणि पुढचा रकाना कोरा आहे. मंगळवारी तो रकाना भरलेला असता तर सुजाताला जे ऐकावं लागलं ते लागलं नसतं. यासाठी मी तुला माफ करू शकत नाही. अजून तरी नाही.

आता मंगळवार. सुजाताने जे सांगितलं ते मी तिला तीन वेळा विचारलं, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा तेच सांगितलं, म्हणून लिहितो.

सकाळी साडेआठला तिने मोठं शीड बांधलं. वारा मंद होता. शिडाच्या कडेला तू चिकटवलेली जुन्या कॅसेटची फीत असते, वारा कसा लागतोय ते दाखवायला. ती जेमतेम हलत होती. तिने खालची दोरी दोन बोटांवर बांधली. तू आलास, बघितलंस आणि म्हणालास, "अजून सोड गे. तेचा पोट भरांदे." तिने सोडली. तीन बोटं. मागची दोरीही तू तिला सोडायला लावलीस. मग शर्ट काढून कुंपणावर टाकलास. ती म्हणाली, मामा, जाकीट. तू तिला ते वाक्य ऐकवलंस. ती हसली. तीही हसली, सगुण.

मी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. तू वाळूवर होतास, अंगावर चादर. शीड काठाला ओढून ठेवलेलं होतं. मी वाकून बघितलं. सवय. सुरकुत्या होत्या, दोऱ्या सैल होत्या, गाठी घट्ट होत्या. गाठी मी स्वतः हाताने ओढून बघितल्या, एकही सुटलेली नव्हती. माझ्या खिशात फोन होता. फोटो काढला नाही. तुझ्याकडे पाठ करून शिडाचा फोटो काढणं मला बरं वाटलं नाही. असा विचार करणाऱ्या बातमीदाराला मी माझ्या काळात खडसावलं असतं.

मालक साडेदहाला आला. तो त्या सकाळी तिथे नव्हता, आदल्या दिवशीपासून नव्हता. त्याने शीड बघितलं. तो दहा वर्षं केंद्र चालवतो आणि त्याला एकही शीड बांधता येत नाही. पोलिसांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "ह्या पोरीन बांधलेला. बघा, किती ढिला आसा. मी कितके फावटी सांगलंय, तिच्याकडे देऊ नको म्हणून." सुजाता तिथेच बसली होती, कपडे ओले. ती म्हणाली, "मामान सोडूक सांगला." मालक म्हणाला, "मामा आतां सांगूक येतलो?"

हे वाक्य मी ऐकलं. त्यावर मी काही बोललो नाही. तेव्हा मला वाटलं, प्रसंग काय आणि बोलायचं काय. आता वाटतं, तीच वेळ होती.

पोलिसांनी शीड जप्त केलं. जीपमध्ये मावेना. मग दोघांनी दोऱ्या सोडल्या, काठी काढली, शीड गुंडाळलं. पंचनाम्यात लिहिलं: शीड ढिले बांधलेले आढळले. किती ढिलं, ते लिहिलं नाही. मोजलंच नाही. आणि आता मोजताही येणार नाही, कारण दोऱ्या सोडल्या. शवचिकित्सेनंतर डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं. त्यामुळे त्या दिवशी कागदावर एकच कारणासारखी गोष्ट उरली. ढिलं शीड. आणि ते कुणी बांधलं, तिचं नाव.

दुपारी चारला मला फोन आला. मी जिथे काम केलं त्याच दैनिकातला मुलगा, मी निवृत्त झाल्यानंतर लागलेला.

"सर, तुम्ही तिथे होता म्हणे. शीड ढिलं होतं काय?"

"होतं."

"बरं सर, थँक्यू."

फोन बंद. एवढंच संभाषण. प्रश्न जेवढा तेवढंच उत्तर द्यायचं, आपल्याकडून जोडायचं नाही, ही शिस्त मी त्या कार्यालयात कित्येकांना लावली. ती माझ्या तोंडात इतकी बसलेली आहे की तुझ्या मरणाच्या दिवशीही ती सुटली नाही. पुढे एक वाक्य हवं होतं. मंद वाऱ्यात ते तसंच ठेवतात. पाच शब्द. मी ते बोललो नाही, कारण त्याने विचारलं नव्हतं.

बुधवारी बातमी आली. तिसऱ्या पानावर, तुझ्या नावातलं आडनाव चुकवून. शेवटचं वाक्य असं: शीड ढिले बांधले गेल्याने ही दुर्घटना घडल्याचे जाणकारांचे म्हणणे आहे. जाणकार म्हणजे मी. अनेकवचन त्यांनी घातलं.

मी दैनिकात गेलो. ज्याने बातमी लावली तो माझ्या हाताखाली तयार झालेला. त्याने मला चहा मागवला. म्हणाला, "सर, बातमीत चूक काय आहे ते दाखवा. शीड ढिलं होतं की नव्हतं?" मी म्हणालो, होतं. "पंचनाम्यात आहे की नाही?" आहे. "तुम्ही सांगितलं की नाही?" सांगितलं. तो म्हणाला, "मग खुलासा कशाचा करू?" मी त्याला दोऱ्यांचं सगळं समजावलं. वीस मिनिटं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, हे सगळं खरं असेल. पण कुठे लिहिलेलं आहे का?"

मी उठलो. चहा तसाच राहिला. बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो आणि तुला अशा शिव्या घातल्या की शिपाई वर बघायला आला.

तुझ्या घरी गेलो ते गुरुवारी. वहिनी ओट्यावर होत्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही, तिथेच बसायला सांगितलं, आणि एक कागद पुढे केला. म्हापशाच्या एका डॉक्टरचा. शेडमधल्या तुझ्या डब्यात, कप्प्या आणि मेणाच्या खाली होता. चार महिन्यांपूर्वीचा. छातीत दुखतं म्हणून तू गेला होतास. पुढच्या तपासण्या ताबडतोब करा, श्रमाचं काम नको, असं लिहिलं होतं. खाली तीन गोळ्या. डब्यात गोळ्यांचं एक पाकीट होतं. दोन खाल्लेल्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "माका सांगूक नाय. तुमका सांगल्लो काय?"

मी नाही म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. चार महिन्यांत आपण चौतीस वेळा भेटलो. मी मोजले. चौतीस सकाळी तू माझ्याशी वाऱ्याबद्दल बोललास, पोदेराच्या महागलेल्या पावांबद्दल बोललास, मालकाच्या नव्या गाडीबद्दल बोललास. चौतीस सकाळी तू जाकिटाशिवाय नदीत गेलास, आणि तुला माहीत होतं.

सुजाता आतल्या खोलीत होती. जनेलाच्या गजांतून तिचे पाय दिसत होते. केंद्राने तिला येऊ नको म्हणून कळवलं होतं. गावात कुणी तिला थेट काही बोललं नव्हतं. पण दुकानात ती गेली की बोलणं थांबत होतं. मी आत गेलो तेव्हा तिने एकच विचारलं.

"काकानू, तीन बोटां जास्त झाली काय? माझी बोटां बारीक आसत. मामाची तीन म्हणजे माझी साडेतीन. मी साडेतीन घेतली. चुकली काय?"

ती दोन दिवस हेच मोजत बसली होती. सव्वीस वर्षांची मुलगी, तुझ्याखालोखाल या नदीवर तिच्यासारखं शीड कुणाला बांधता येत नाही. ती बोटं चादरीवर ठेवून अंतर बघत होती. तुझं प्रमाणपत्र नको, तुझी पट्टीवरची एक रेघ पुरली असती, सगुण. एक रेघ.

मी तिला म्हणालो, तुझ्याकडे मामाचं जुनं शीड आहे ना? ती म्हणाली, माळ्यावर आहे. केंद्राने टाकून दिलेलं, तू ठिगळं लावून ठेवलेलं, त्याच आकाराचं. मी पोलीस ठाण्यात गेलो आणि सांगितलं की तुमच्या पंचनाम्यात माप नाही. ठाणेदार म्हणाला, जागेचा नकाशा काढायला शनिवारी हवालदार येणारच आहे, तुम्हाला काय दाखवायचं ते त्याला दाखवा. वहिनींकडून घेतलेला डॉक्टरचा कागद मी तिथे दिला आणि पोच घेतली.

शनिवारी सकाळी साडेआठला हवालदार आला. पेडण्याचाच, पोट सुटलेला, सावकाश बोलणारा. वारा मंद होता, फीत जेमतेम हलत होती. सुजाताने तुझं ठिगळांचं शीड बांधलं. तिने जाकीट घातलं. हवालदार म्हणाला, "बाय, परत त्याच उदकात?" तिने जाकिटाचा पट्टा आवळला.

आधी तिने दोऱ्या ताणल्या. शीड सपाट झालं. हवालदाराला विचारलं, हे कसं दिसतं? तो म्हणाला, "एकदम बरा." ती निघाली. मी घड्याळ लावलं. दहा मिनिटांत ती नदीच्या मध्यापर्यंतही पोचली नाही. परत यायला तिला हाताने पाणी मारावं लागलं.

मग तिने दोऱ्या सोडल्या. साडेतीन बोटं, तिची. सुरकुत्या आल्या. हवालदार पुढे वाकला. "ह्या असाच होता त्या दिसा." ती निघाली. दहा मिनिटांत समोरच्या काठाजवळच्या खांबाला वळसा घालून परत आली.

हवालदार म्हणाला, "वारो वाडलो आसतलो."

त्याचं म्हणणं योग्य होतं. एका फेरीवर कुणी विश्वास ठेवू नये. मी तिला पुन्हा दोऱ्या ताणायला सांगितलं. ती दमली होती, ओठ निळे पडले होते, तरी गेली. पुन्हा मध्यापर्यंत. हवालदाराने चष्मा काढला, पुसला. "परत ढिला कर," तो स्वतःच म्हणाला. ती पुन्हा गेली आणि आली. काठाला लागल्यावर तिने शीड खाली ठेवलं आणि पहिल्यांदा रडली. हवालदार दुसरीकडे बघत उभा राहिला. मग त्याने बॅगेतून मापाची फीत काढली, कप्पी आणि कडी यांच्यामधलं अंतर स्वतः मोजलं आणि डायरीत लिहिलं. सहा सेंटिमीटर. मीही वहीत लिहिलं.

मला वाटलं होतं, त्या क्षणी राग जाईल. गेला नाही. तुझी मात्र एक गोष्ट मानावी लागली. मी आठ वर्षं कागद मागत होतो, आणि हवालदाराला कागदाने पटलं नसतं. त्याला शीड चालताना बघावं लागलं. तू असतास तर मला हे ऐकवल्याशिवाय राहिला नसतास. म्हणून मीच लिहून टाकतो.

तिथून आम्ही पेडण्याच्या ठाण्यात गेलो. जबाब इंग्रजीत टाइप होतो. सुजाता सांगत होती, हवालदार वाक्यं करत होता आणि प्रत्येक वाक्य तिला परत सांगत होता. दोरीपाशी तो अडला.

"मुद्दाम ढिला ठेवला, असा घालू?"

सुजाता म्हणाली, "होय. मुद्दामच ठेवला."

"मुद्दाम घातला तर वायट दिसता गे. कोण तरी म्हणतलो, मामाक मारूक ठेवला." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमी पेपरवाले. शब्द सांगा."

यावेळी मी विचारलं तेवढंच सांगून थांबलो नाही. वारा, दोन्ही दोऱ्या, तुझी सांगण्याची पद्धत, चारही फेऱ्यांच्या वेळा, सगळं सांगितलं. त्याने अर्धं कापलं.

केंद्र आजही बंद आहे. मालकाने सुजाताला काही कळवलेलं नाही. दैनिकात खुलासा आलेला नाही. शवचिकित्सेचा अंतिम अहवाल आलेला नाही. जप्त केलेलं शीड ठाण्याच्या मागच्या शेडमध्ये आहे.

सुजाताचा पुरवणी जबाब शनिवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी पूर्ण झाला. त्यातल्या चौथ्या वाक्याचं मराठी असं होतं: वारा मंद असल्याने, मयताच्या सांगण्यावरून आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे शीड ढिले ठेवले होते. खाली तिची सही आहे.